मिरजेत नोकरीला लागलेल्या मुलीस

चि. मुली,
सप्रेम सलाम.

दृढीकरण झालं, म्हणजे चर्चची पूर्ण सभासद झालीस, आणि लगेच मिरजेत हॉस्पिटलच्या काउंटरवर नोकरी लागली, बरं झालं. कामाच्या ठिकाणी आपल्या ख्रिस्ती विश्वासाची साक्ष कशी द्यायची, असं तू विचारलंस. माझं उत्तर जरा रुक्ष वाटेल. आधी लोकांचे पैसे, लोकांची वेळ आणि त्यांना दिलेला शब्द सांभाळ. तोंडाचं काम बरंच नंतर येतं.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उघडलं. ख्रिस्ती म्हटलं की इथल्या पुष्कळांना अजून दवाखानाच आठवतो. त्या पुण्याईवर तुला पहिल्या दिवसापासून उधारीत विश्वास मिळेल, आणि ती उधारी तुझ्याच खात्यावर चढेल.

काउंटरवर विजापूर, बेळगावकडची माणसंही येतील. ‘बर्री, कुंद्री’ (या, बसा) एवढं कन्नड तरी पहिल्या आठवड्यात शिकून घे. नातेवाईक एकच गोष्ट तीनतीनदा विचारतात तेव्हा त्यांना अक्कल नाही असं समजू नकोस. घाबरलेल्या माणसाच्या कानात शब्द शिरत नाहीत. कुठं जायचं, किती भरायचे, कुणाला भेटायचं, या तीनच गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरात लिही. मग ‘आता तुम्ही मला सांगा, आधी कुठं जाणार?’ असं विचार. वाचता येत नसेल तर ते तिथंच कळतं, आणि चारचौघांत त्यांची लाजही जात नाही.

कुणाचं माणूस गेलं असेल तर ‘देवाची इच्छा’ म्हणू नकोस. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. तू पाणी दे, फोन लावून दे, गाडीचं बघ.

प्रार्थना करायची असेल तर आधी विचार. ‘नको’ म्हणाले तर तुझ्या चेहऱ्यावर तसूभरही फरक पडता कामा नये. ‘करा’ म्हणाले तर हळू आवाजात, पेशंटचं नाव घेऊन, अर्ध्या मिनिटात आटप. बरं होण्याची हमी देऊ नकोस आणि डोळे मिटून प्रवचन तर मुळीच नको. काउंटरवर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नकोस. ज्याची पावती तुझ्या हातात अडकली आहे तो ‘नको’ कसं म्हणणार? पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) जो विचारेल त्याला उत्तर द्यायला सांगितलंय, तेही सौम्यतेनं. कुणी विचारलंच तर दोन वाक्यं बोल, बाकीचं ड्युटी संपल्यावर.

‘तुमच्यासाठी प्रार्थना करते’ हे वाक्य आपल्या चर्चच्या मंडळीत फार स्वस्त झालंय. म्हटलंस तर त्याच दिवशी वहीत नाव आणि कारण लिही, आणि तीनचार दिवसांनी ‘आता कसं आहे?’ म्हणून फोन कर. तेवढं होणार नसेल तर म्हणूच नकोस.

पैशाचं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये, असं लेवीय 19:13 मध्ये आहे. तुझ्या खोलीत फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना हे लागू आहे आणि मेसवाल्या काकूंनाही. पगार उशिरा झाला तर तारीख उलटायच्या आधी स्वतः जाऊन सांग, नवी तारीख दे आणि ती पाळ. मंडळीतल्या कुणी उसने मागितले तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच दे. जास्त दिलेस तर पैसेही जातात आणि रविवारी शेजारी बसायचंही अवघड होतं.

भांडण झालं तर मत्तय 18:15 प्रमाणे आधी एकटीनं त्या व्यक्तीकडे जायचं. आपण नेमकं उलटं करतो: आधी दोन मैत्रिणी, मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग पाळकसाहेब, आणि या सगळ्याला नाव ‘प्रार्थनेचा विषय’. ही चहाडीच आहे. चूक तुझी असेल तर काय केलं ते नाव घेऊन सांग, ‘पण’ जोडू नकोस, नुकसान भरून दे. क्षमा लगेच मिळालीच पाहिजे असा आग्रह धरू नकोस. समोरच्याला वेळ लागतो.

प्रसादाचा प्रश्न पहिल्या गणपतीलाच येईल. करिंथकरांस पहिल्या पत्रातले 8 आणि 10 हे अध्याय आधी शांतपणे वाच; मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही, हाच विषय तिथं आहे. आपल्यातले काही घेतात, काही घेत नाहीत. तुझं तू आधीच ठरव, म्हणजे ऐनवेळी तोंड कसनुसं होणार नाही. घेणार नसशील तर ‘मी घेत नाही, पण आरास बघायला येते’ एवढं पुरे. समोरच्याच्या देवाबद्दल एक शब्दही नको.

नाताळचा फराळ मात्र नीट विचार करून वाट. नाताळ पुष्कळदा मार्गशीर्षात येतो. गुरुवारचं व्रत करणाऱ्या घरात अंड्याचा केक गेला तर ती बाई संकोचानं ठेवून घेते आणि नंतर टाकून देते. सांगली-मिरजेत जैन घरंही भरपूर. तिथं अंडं तर चालतच नाही, आणि पुष्कळ जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणून शेजाऱ्यांच्या ताटात करंज्या आणि शंकरपाळे ठेव, नवं तेल वापर, आणि दिवस मावळायच्या आत पोचव. अंडं नाही हे देतानाच सांग. आणि दिवाळीत त्यांचं ताट आलं असेल तर ते रिकामं परत करू नकोस.

राहिली रजा. 25 डिसेंबरची सुट्टी तुला हवीच असणार. त्यासाठी लक्ष्मीपूजनाची ड्युटी आपणहून माग, ईदला कुणाला सुट्टी हवी असेल तर त्यांची पाळी घे. मग नोव्हेंबरात, डिसेंबरचा ड्युटी चार्ट लागण्याआधी, इन्चार्ज सिस्टरना लेखी अर्ज दे. तरी नाही मिळाली तर नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला जा आणि सकाळी वेळेवर काउंटरवर बस.

तुझी,
मावशी