कमी बजेटमध्ये कुटुंबासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. भरवशाची आणि दुरुस्तीला सोपी कशी निवडावी?

आधी बघा, ते मॉडेल किती खपलंय. रस्त्यावर जी गाडी पावलोपावली दिसते, तिचे पार्ट सहज मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक तिला हात लावायला कचरत नाही. इंजिन शक्यतो साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल, गिअर मॅन्युअल. रोजच्या फेऱ्या छोट्या असतील तर जुन्या डिझेलच्या नादी लागू नका, तिला धुराचा फिल्टर असेल तर तो चोंदतो. सनरूफ वगैरे असेल तर आनंद आहे, पण उद्या त्याचाही खर्च तुमच्याच गळ्यात.

बघायला जाताना मालकाला बजावा की इंजिन आधी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर विचारा, का? गरम इंजिनात सुरू होतानाचे दोष लपतात. मग थंड इंजिन सुरू करताना कुणाला तरी सायलेन्सरचा धूर बघायला मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेल्याचा संशय घ्या आणि सरळ निघा.

टायरच्या बाजूला डीओटी (DOT) कोड असतो, त्याचे शेवटचे 4 आकडे टायर कधी बनला ते सांगतात: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. चारही टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी देखभालीतही हात आखडताच घेतला असणार, असं मी धरतो.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) असलेल्या इंजिनात तो बदलल्याची पावती मागाच. तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. पावती नसेल तर बेल्टचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.