‘स्लगर’ म्हणजे बॅट की फलंदाज?

एका वाचकाने विचारलंय : ‘लुईव्हिल स्लगर’ या अमेरिकन बेसबॉल बॅटच्या नावातला ‘स्लगर’ म्हणजे बॅट की फलंदाज? आणि क्रिकेटमधला ‘स्लॉगर’ तो हाच का?

मुळात फलंदाज. ‘स्लग’ म्हणजे जोरदार ठोसा किंवा टोला. अर्थाने ‘स्लॉगर’ त्याचा भाऊबंदच, पण मान वेगळा. क्रिकेटमध्ये ‘स्लॉग’ म्हटलं की आडव्या बॅटची हाणामारी आठवते, जाणकार नाक मुरडतात. बेसबॉलमध्ये स्लगर ही पदवी आहे. मराठीत ‘टोलेबाज’ चपखल बसेल. तिथे टोलेबाजीचा हिशेबही ठेवतात : फटक्यांतून मिळवलेले एकूण बेस (मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे टप्पे) भागिले फलंदाजीच्या अधिकृत पाळ्या. चार पाळ्यांत एक होमरन (४ बेस) आणि एक सिंगल (१ बेस) मारला, तर ५ भागिले ४, म्हणजे १.२५०.

आता माणसाचा शब्द बॅटला कसा चिकटला? केंटकीतल्या लुईव्हिल शहरात हिलरिक या जर्मन वंशाच्या कुटुंबाचा कातकामाचा कारखाना होता. जिन्याचे कठडे, पलंगाचे खूर, लोणी काढायची घुसळणी असला माल. सांगतात ते असं, की १८८४ मध्ये स्थानिक संघाच्या पीट ब्राउनिंगची बॅट मोडली आणि मालकाच्या १७ वर्षांच्या मुलाने, बडने, त्याला लेथवर नवी कातून दिली. दुसऱ्या दिवशी ब्राउनिंगने तीन हिट मारले. वडिलांना मात्र बॅटपेक्षा घुसळण्यांचा धंदा भरवशाचा वाटे!

ब्राउनिंगचं टोपणनाव ‘लुईव्हिल स्लगर’, तेच बॅटला मिळालं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ही गोष्ट जरा जास्तच घोटीव वाटते, कारण या बॅट आधी ‘फॉल्स सिटी स्लगर’ नावाने विकल्या जात. ओहायो नदीवरच्या धबधब्यांमुळे लुईव्हिलला पडलेलं ‘फॉल्स सिटी’ हे टोपणनाव. १८९४ मध्ये ‘लुईव्हिल स्लगर’ची नोंदणी झाली. म्हणजे बॅटच्या नावातला शहराचा भाग बदलला, ‘स्लगर’ जागच्या जागी राहिला.

१९०५ मध्ये नामवंत बेसबॉलपटू होनस वॅग्नरने आपली सही बॅटवर छापू देण्याचा करार केला. विक्रीत मुरलेले फ्रँक ब्रॅड्सबी पुढे भागीदार झाले आणि १९१६ पासून कंपनी ‘हिलरिक अँड ब्रॅड्सबी’ झाली. २०१५ मध्ये ‘लुईव्हिल स्लगर’ हे नाव विल्सन या क्रीडासाहित्याच्या कंपनीने विकत घेतलं. लाकडी बॅट कातायचं काम लुईव्हिलला हिलरिकांकडेच राहिलं.

आणि हो, उच्चारात ‘स’ नाही. ‘लुईसव्हिल’ लिहू नये. फ्रान्सच्या सोळाव्या लुईवरून ठेवलेलं नाव आहे ते.