कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तळलेल्या पदार्थांशिवाय काहीच मिळत नसेल तर विद्यार्थ्यांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, सकाळी लवकर घर सोडता, कॅन्टीनमध्ये वडापाव, समोसा, पॅटिस आणि चायनीज भेळ सोडून काही मिळत नाही, आणि मालकाला विचारलं तर ‘पोरं हेच मागतात’ असं उत्तर येतं. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात शिकवते आणि काही वर्षं कॅन्टीन समितीवर आहे. त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते.

पहिली गोष्ट, मालकाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. कॅन्टीनमध्ये काय शिजणार हे बहुतेक ठिकाणी करार होतो त्याच दिवशी ठरून जातं. संस्था निविदा काढते, जास्त भाडं देणाऱ्याला जागा मिळते. भाडं वर्षभराचं, पण कॉलेज भरलेलं असतं ते जेमतेम सात-आठ महिने. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, मे महिना, या काळात गल्ल्यात काही पडत नाही. मग त्याला झटपट होणारा आणि उरला तरी वाया न जाणारा माल लागतो. सकाळी बटाट्याची भाजी करून ठेवली की मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत एकटा माणूस कढईवर उभा राहून अख्ख्या गर्दीला वडे पुरवतो. समोसे आणि पॅटिस तर बऱ्याचदा बाहेरूनच येतात. पोळी-भाजी ठेवायची तर पोळ्या लाटायला बायका हव्यात, भाज्या निवडायला-चिरायला हात हवेत, आणि पावसामुळे अचानक सुट्टी जाहीर झाली की सगळं फुकट. ‘पोरं हेच मागतात’ हे म्हणूनच अर्धंच खरं आहे. समोर दुसरं काही नसेल तर पोरं दुसरं काय मागणार?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एसटीने येणाऱ्या मुलींची. घरात चूल पेटून भाकऱ्या व्हायच्या आधीच त्यांची गाडी असते, त्यामुळे डबा नाही. चहा-बिस्किटावर निघायचं, मधल्या सुट्टीत एक वडापाव आणि पुन्हा चहा, की थेट प्रॅक्टिकल. लॅबमध्ये उभ्या असताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून टेबलाला धरून खाली बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. विचारलं की ‘काही नाही मॅडम, सकाळपासून खाल्लं नाही’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्या आमच्या वर्गातही बसलेल्या असतात. त्यात खाण्याबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. एवढं तरी आजपासून करा: चहा खाण्याच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या.

बंदीचा मार्ग फारसा कामाचा नाही असं माझं मत झालंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना आवारात जंक फूड विकू नका असं कळवलं होतं. पण वडा बंद केला आणि त्याच्या जागी त्याच पैशात पोट भरणारं काही ठेवलं नाही, तर मुलं गेटबाहेरच्या गाडीवर जातात, आणि तिथल्या तेलावर कॉलेजची नजरही नसते.

म्हणून काय नको याची यादी करू नका, काय हवं ते सांगा. ते आधी करून ठेवता येणारं, दुपारपर्यंत टिकणारं आणि वडापावच्या आसपास किंमत असलेलं हवं. या तिन्हीत बसणारा पदार्थ आपल्याकडे पूर्वीपासून आहे: उसळ. मिसळ विकणाऱ्या कॅन्टीनमध्ये मटकी रोज शिजतेच. त्यावरची तर्री आणि फरसाण काढा, कांदा आणि लिंबू वाढवा, वाटी मोठी करा. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायलाही मदत होते. दुसरी मागणी उकडलेल्या अंड्यांची. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्याला आचारीही लागत नाही. काही संस्थांना आवारात अंडं चालत नाही. तिथे त्यावर अडून बसू नका, हरभरा किंवा चवळी मागा. काउंटरवर केळी, फुटाणे आणि ताक ठेवायला तर गॅसही लागत नाही.

आमच्याकडे समितीने संस्थेला एवढंच सुचवलं की भाडं थोडं कमी करा आणि बदल्यात उसळ-पाव व अंडी ठरलेल्या दरात रोज ठेवण्याची अट करारात घाला. वडापाव तसाच राहिला. पहिले काही दिवस उसळ उरायची, मालक कुरकुरायचा. मग सुट्टीच्या आधीच वाट्या भरून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे रांगेत थांबावं लागत नाही, आणि आता ती वड्याच्या आधी संपते. मुलांना वेळ नसतो, ही गोष्ट आपण मोठी माणसं फार सहज विसरतो.

तेलाकडे मात्र अजिबात काणाडोळा करू नका. तळणाच्या तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोजायला यंत्र लागतं, पण तेल काळपट आणि चिकट झालंय, त्यावर फेस येतोय, कढई तापायच्या आत धूर निघतोय, हे कोणालाही दिसतं. कालच्या तेलात आज नवं ओतून कढई भरायची पद्धत सर्रास चालते. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का तेही बघा. समिती लक्ष देत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.

आता अर्ज कुठे करायचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे संलग्न महाविद्यालयात ‘महाविद्यालय विकास समिती’ असते आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. त्यांना गाठा आणि विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा. अर्जात ‘आरोग्यदायी पदार्थ हवेत’ असं मोघम लिहू नका. दोनच पदार्थ, त्यांचा परवडणारा दर आणि ते घ्यायला तयार असलेल्या मुलामुलींच्या सह्या द्या. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचं ‘ईट राइट कॅम्पस’ प्रमाणपत्र महाविद्यालयांना मिळू शकतं, त्याचाही उल्लेख करा. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनाच्या, तयारीत असलेल्या प्राचार्यांना ते उपयोगी वाटतं. आणि कॅन्टीनचा करार कधी संपतो हे कार्यालयात आधी विचारून घ्या. नव्या शैक्षणिक वर्षासाठी निविदा निघणार असेल तर अर्ज फेब्रुवारीतच द्या, कारण एकदा सही झाली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत कोणी तो कागद उघडत नाही.