नाल्याचं तोंड शोधा : नदीसाठी राबणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिन्यात नद्यांच्या पाण्याविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं अशा लोकांची आहेत, जे सुट्टीच्या दिवशी गमबूट चढवून नदीत उतरतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून उत्तरं स्पष्ट दिली आहेत.

प्रश्न : आमचा गट दर रविवारी मुठेच्या काठावरचं प्लास्टिक, थर्माकोल, निर्माल्य गोळा करतो. काठ स्वच्छ दिसतो, पण पाणी होतं तसंच काळं आणि वास मारणारं. नवीन येणारी मुलं विचारतात, याचा उपयोग काय? (पुणे)

काठ स्वच्छ झाला की लोक पुन्हा नदीकडे फिरकतात. हा उपयोग लहान नाही, ते काम सोडू नका. पण पाणी काळं होतं ते मैलापाण्यामुळे. शहरांच्या पाणीयोजना माणशी रोज १३५ लिटर धरून आखल्या जातात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे ४०० माणसांच्या एका सोसायटीतून रोज सुमारे ४३ हजार लिटर. त्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो संपला की त्याच्याविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांसारखा वास त्याचाच. लोहाशी मिळून गाळ काळा करतो तोही हाच.

खडकवासल्याच्या खाली आणखी एक अडचण आहे. पावसाळा सरला की धरणाचं पाणी कालव्यात आणि नळांत जातं, पात्रात वरून ताजं पाणी जवळजवळ येतच नाही. मग शहरातून जे येतं तीच नदी. हेच पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत पोचतं, आणि उजनीचं पाणी लोक पितात.

म्हणून माझी विनंती अशी, की महिन्यातून एका रविवारी पोती घरी ठेवा आणि वही घेऊन निघा. एक-दोन किलोमीटरचा पट्टा ठरवा. त्या पट्ट्यात नदीला मिळणारं प्रत्येक तोंड नोंदवा : नाला, ओढा, पाइप, चेंबरमधून उसळणारं पाणी. ठिकाण, तारीख, वेळ, रंग, वास, फोटो. हे एप्रिल-मेमध्ये आवर्जून करा. पावसाळी गटारातून उन्हाळ्यात पाणी वाहायचं काही कारण नाही. वाहत असेल तर कुठल्या तरी इमारतीची ड्रेनेज लाइन त्यात जोडलेली आहे, नाहीतर मुख्य वाहिनी तुंबली किंवा फुटली आहे. अपवाद जिवंत झऱ्याचा. पुण्यात असे झरे अजून आहेत. नितळ, बिनवासाचं पाणी दिसलं तर तेही लिहून ठेवा, कारण ते वाचवायचं आहे.

शक्य असेल तिथे बादली लावून वेळ मोजा. १५ लिटरची बादली ५ सेकंदांत भरली, तर त्याच वेगानं दिवसाला अडीच लाख लिटरहून जास्त पाणी नदीत जातं. प्रवाह दिवसभर सारखा नसतो, सकाळी घरोघरी आंघोळी आणि धुणी चालू असताना तो जास्त असतो. तेव्हा मोजल्याची वेळ लिहायला विसरू नका. ‘जीवितनदी’ या संस्थेचे स्वयंसेवक पुण्यात नदीकिनाऱ्याचा एकेक पट्टा दत्तक घेऊन तिथे पुन्हा पुन्हा जातात. मला ही पद्धत सगळ्यात पटते. तीच माणसं तीच जागा वर्षभर पाहतात, तेव्हा नवा पाइप कधी आला हे त्यांना सांगता येतं.

प्रश्न : मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मुलांबरोबर पंचगंगेचं पाणी दर महिन्याला तपासायचं आहे. काय मोजावं आणि कसं? आम्ही दुपारी एकदा मोजलं तर प्राणवायू भरपूर निघाला, आणि त्याच आठवड्यात मासे मेले! (इचलकरंजी)

सर, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. नदीत सांडपाणी आलं की नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी तीनला मोजलंत तर आकडा लिटरला १० मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. पाण्यात एरवी मुरतो त्याहून हा जास्त आहे : समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसचं पाणी सुमारे ९ आणि ३० अंशांचं साडेसात मिलिग्रॅमच धरून ठेवतं. सूर्य मावळला की शेवाळही श्वासासाठी प्राणवायू खाऊ लागतं आणि पहाटेपर्यंत आकडा तळाला जातो. मासे मरतात ते बहुधा तेव्हा. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुमच्या भागात नव्या नाहीत. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी साचतं आणि तापतं, वरून एखाद्या दिवशी जादा सांडपाणी येतं, आणि माशांना पळायला जागा नसते. एखादं विषारी रसायन आलं असेल तर ती गोष्ट वेगळी. ते प्रयोगशाळाच सांगेल.

तेव्हा प्राणवायू सूर्योदयाच्या आसपास मोजा आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा. दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर नदीला खत जास्त होतंय असं समजा. विंकलर पद्धतीचं साधं किट शाळेला परवडतं. शेवटी थायोसल्फेटचे थेंब टाकत स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत मोजायचं असतं, मुलांना ते फार आवडतं. त्यात तीव्र आम्ल लागतं, ते मात्र तुम्हीच हाताळा, चष्मा आणि हातमोजे घालून. नमुना घेताना बाटली पाण्याखाली भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. बादलीतून धार धरून ओतलंत तर हवा मिसळते आणि आकडा खोटा येतो.

याशिवाय तापमान, सामू (पीएच), गढूळपणा आणि विद्युतवाहकता पुरे. बीओडी, म्हणजे घाण पचवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, शाळेत करू नका. भारतीय मानकानुसार तो नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवावा लागतो. वर्षातून तीन-चार वेळा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय निकषानुसार बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि प्राणवायू ५ किंवा जास्त हवा. हे दोन आकडे वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

पाणी भरून ठेवल्यावर काळी पडणारी, हायड्रोजन सल्फाइड तपासणीची बाटली गावोगाव वाटली जाते, ती विष्ठेतल्या जिवाणूंची खूण सांगते. शहराखालच्या नदीत ती जवळपास नेहमीच काळी पडेल, त्यातून नवं काही कळणार नाही. ती काठावरच्या विहिरींना वापरा.

प्रश्न : टीडीएस मीटरवर आमच्या नदीचं पाणी २८० दाखवतं. म्हणजे चांगलं ना? (ठाणे जिल्हा)

नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. विष्ठेतले जिवाणू त्यात दिसत नाहीत आणि कीटकनाशकाचा अंशही नाही. एकाच जागी नेहमी २८० असणारा आकडा एके सकाळी ९०० झाला, तर मात्र वर काहीतरी सोडलंय असं समजा आणि शोधायला निघा. मीटरचा खरा उपयोग तेवढाच आहे.

प्रश्न : पवनेतली जलपर्णी आम्ही काढतो, दोन महिन्यांत नदी पुन्हा हिरवीगार. एक कंपनी म्हणते, आमचं जिवाणूंचं द्रावण टाका, सगळं साफ होईल. टाकावं का? (पिंपरी-चिंचवड)

द्रावणासाठी वर्गणी गोळा करू नका. मैलापाण्यात जिवाणूंची वाण नसते, कमी पडतो तो प्राणवायू आणि वेळ. वाहत्या नदीत ओतलेलं द्रावण तासाभरात पुढच्या गावाला पोचतं. बंदिस्त तळ्याची गोष्ट वेगळी असू शकते, पण तिथेही सांडपाणी येत राहिलं तर पैसे वायाच.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल हवेत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात अनेक वर्षं जिवंत राहतं. तिला लागणारं नत्र-स्फुरद सांडपाण्यातून मिळतं, म्हणून काढून संपत नाही. तरी काढायला हवी, कारण तिच्या जाड थराखाली ऊन आणि हवा पोचत नाही. फक्त वेळ निवडा. पावसाळ्यानंतर तिचे लहान लहान पुंजके असतात, फुलं यायची असतात. ते दिवस गाठले तर मोजक्या माणसांत काम होतं, मार्चमध्ये पोकलेन लागतो. काढलेला ढीग काठावर ठेवू नका, कुजून त्याचा रस पुन्हा नदीतच उतरतो. आणि औद्योगिक पट्ट्यातल्या जलपर्णीचं खत भाजीपाल्याला घालू नका. ती जड धातू शोषून घेते.

प्रश्न : आम्ही वारकरी मंडळी. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो. स्नान करावं का, तीर्थ म्हणून घोटभर घ्यावं का? आमच्या दिंडीनं यासाठी काही करावं असं वाटतं. (आळंदी)

माउली, तीर्थ म्हणून ते पाणी पोटात घेऊ नका, लहान मुलांना आणि आजारी माणसांना तर मुळीच देऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात, रसायनं तशीच राहतात. अंगावर जखम असेल, त्वचेला काही त्रास असेल तर स्नानही टाळा. श्रद्धेला बाधा न आणता हे सांगणं दिंडीतल्या जाणत्या माणसांनाच जमेल, म्हणून आधी तेच करा. ज्ञानोबांच्या समाधीजवळची नदी अशा अवस्थेत असावी याचं मलाही फार वाईट वाटतं.

फेस येतो तो साबण आणि डिटर्जंटमधल्या रसायनांमुळे. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की हवा कोंडून फेस होतो. म्हणजे फेस दिसतो बंधाऱ्यापाशी, पण त्याचं कारण वरच्या बाजूला आहे. घरांतून आणि कारखान्यांतून प्रक्रिया न होता आलेलं सांडपाणी हे ते कारण. दिंडीच्या हातात दोन गोष्टी आहेत. मुक्कामाच्या गावी धुणी-भांडी नदीत होऊ द्यायची नाहीत, त्यासाठी काठापासून दूर टाकी आणि शोषखड्डा मागायचा. आणि फेस दिसला की त्याच दिवशी फोटो, वेळ आणि जागेसह लेखी तक्रार द्यायची. हजारो वारकऱ्यांच्या सह्यांचा कागद कुठल्याही कार्यालयात सहज बाजूला पडत नाही.

प्रश्न : वर्षभराच्या नोंदी घेऊन नगरपालिकेत गेलो. साहेब म्हणाले, तुमची मोजणी अधिकृत नाही. मग एवढं कष्टानं केलेलं फुकटच? (सातारा जिल्हा)

फुकट नाही, पण त्या नोंदी निकाल म्हणून पुढे करू नका. अमुक ठिकाणी, अमुक वेळी अधिकृत नमुना घ्या, असं सांगण्यासाठी त्या आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा : या नाल्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी, रात्री नऊनंतर पाण्याचा रंग बदलतो, तेव्हा नमुना घ्यावा. नोंदी नसतील तर अधिकारी सोमवारी सकाळी अकराला येणार, आणि तेव्हा पाणी बरं असणार.

दुसरं हत्यार माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. लोक विचारतात, ‘नदी प्रदूषित का आहे?’ याचं उत्तर कुणीच देत नाही. कागद मागा. मैलाशुद्धीकरण केंद्राची गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, पंपांचं लॉगबुक, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याची मीटरनोंद, मंडळाच्या संमतीपत्राची प्रत. बिलांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. हवा सोडणारे ब्लोअर चालले असतील तर बिल येणारच. बिल निम्मं असेल तर केंद्र किती चाललं ते समजून घ्या. गावात केंद्रच नसेल, तर मागणी बदला. लहान ओढ्यांसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली फायटोरिड पद्धत आहे, खडी-वाळूच्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस लावून सांडपाणी त्यातून सोडायचं. वीज नगण्य लागते, जागा मात्र लागते, आणि ती ग्रामसभा किंवा नगरपालिकाच देऊ शकते.

हेही ध्यानात असू द्या, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे होते आणि त्यातले ५५, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त, महाराष्ट्रात. तुमची नदी त्या यादीत असेल तर अर्जात तेवढं नक्की लिहा. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे, आणि तिथे वर्षभराची तारीखवार वही फार उपयोगी पडते.

प्रश्न : दहा-बारा वर्षांच्या मुलांना नदीच्या कामाला न्यावं का? भीती वाटते. (नाशिक)

शहराखालच्या मैल्या पट्ट्यात मुलांना पाण्यात उतरवू नका. त्यांना नदीच्या वरच्या अंगाला न्या, जिथे पाणी घोट्याइतकं आहे आणि दगड दिसतात. दगड अलगद उलटा करा, खालच्या बाजूला काय चिकटलंय ते पांढऱ्या ताटलीत बघा. शेपटीला बहुधा तीन तंतू असणारी मेफ्लाय या किड्याची पिल्लं भरपूर असतील तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. मग पुलावरून किंवा काठावरून, मोठ्यांनी लांब दांड्याच्या जाळीनं गावाखालचा गाळ काढून दाखवावा. तिथे लालभडक अळ्या सापडतात. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्यांच्याही अंगात असतं, म्हणून त्या जवळजवळ प्राणवायूविना जगतात. कुठल्याही आकड्यापेक्षा मुलांना हे लवकर कळतं. दगड पुन्हा होता तसा ठेवायला शिकवा.

मोठ्यांनीही जखम उघडी ठेवून उतरू नये. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे हवेत, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं, आणि पावसाळ्यात तर लेप्टोचा धोका खरा आहे, उंदरांच्या मुतातून तो पाण्यात येतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं असं काही झालं, तर आपण नदीत उतरलो होतो हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्याआधीच सांगा.