मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकांतलं सोनं अजून कसं चमकतं? ती पुस्तकं बनवत कशी?

कारण ते बहुधा खरं सोनं आहे, रंग नव्हे.

पान म्हणजे वासराचं, मेंढीचं नाहीतर बकरीचं कातडं. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, चौकटीवर ताणून वाळवायचं. मग रेघा आखून लेखनिक हंसाच्या पिसाने मजकूर लिही आणि चित्रांपुरती जागा कोरी सोडी. शाई मायफळ, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंकाची. हो, बाळगुटीतलंच मायफळ!

सोन्याचं काम रंगांच्या आधी. खडूसारखी पांढरी माती आणि सरस यांचा जाडसर थर द्यायचा, सुकला की त्यावर तोंडाची वाफ सोडायची. त्या ओलाव्याने थर चिकट होतो आणि वर्ख बसतो. नंतर अकीक या गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटायचं. थराला उठाव असल्यामुळे पान हललं की प्रकाश खेळतो. आधी रंग दिले असते तर वर्ख त्यांनाही चिकटला असता आणि घोटताना ते खराब झाले असते. उंची निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द या निळ्या दगडाचा, लाल हिंगुळ या खनिजाचा.

हे सगळं मठातच होई असं नाही. पंधराव्या शतकात पॅरिस, ब्रूज इथले व्यावसायिक कारागीर हे करत, गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे. सर्वांत प्रसिद्ध पोथी फ्रान्समधल्या बेरी प्रांताचा ड्यूक (सरदार) जाँ याची. लिम्बुर्ग बंधू हे तिघे चित्रकार ती रंगवत होते. १४१६ मध्ये ड्यूक आणि तिघे भाऊ, सगळेच वारले. उरलेलं बरंचसं काम १४८० च्या दशकात जाँ कोलोंब याने केलं. ती आज फ्रान्समध्ये शांतियीच्या संग्रहालयात आहे.