फी माफ आहे, पण कंस वाचा

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलीला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, दूरच्या शहरात मेकॅनिकल इंजिनिअरिंग मिळत होतं. ओळखीतल्या एका ‘ॲडमिशनवाल्या’ने सांगितलं, ती सीट सोडा, जवळच्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळवून देतो, मुलींना फी माफच आहे. यांनी सीट सोडली, कॉलेजात ७५ हजार भरले आणि त्या गृहस्थाच्या हाती ४० हजार दिले. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या सरकारी पोर्टलचा, अर्ज भरायला गेल्यावर क्लार्क म्हणाला, तुमची सीट मॅनेजमेंटची, कॉलेजने स्वतः भरलेली, माफी लागू नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात आहेत. प्रश्न असा, की फीमाफीसाठी कॉलेजवर केस करता येईल का? याच चालीची पत्रं प्रवेश सुरू झाल्यापासून येताहेत, फक्त जिल्हा बदलतो.

फीमाफीसाठी नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. तुम्ही ओबीसी, उत्पन्न तीन लाख, म्हणजे इथवर बसता. पण त्याच निर्णयात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुली अशी अट आहे आणि पुढच्या कंसात व्यवस्थापन कोटा व संस्था स्तरावरचे प्रवेश वगळलेत. तुमचं सगळं त्या कंसात अडलंय. तुम्ही पाठवलेल्या प्रवेश अर्जाच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात ‘संस्था स्तर’ असं छापलंय आणि खाली पालकाची सही आहे. सही तुमचीच ना? वीस गुंठे घेताना आपण सातबारा चार जणांना दाखवतो, इथे चार वर्षांचा व्यवहार उभ्या उभ्या सही करून मोकळे झालात.

तेव्हा माफीचा नाद सोडा आणि तारीख बघा. तुम्ही जोडलेल्या वेळापत्रकात प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख नऊ दिवसांवर आहे. (म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच मेलने पाठवलं.) त्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केलात तर प्रक्रिया खर्चाचे जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी रक्कम परत मिळायला हवी. तारीख उलटली की अनामत सोडून हाती काही लागत नाही. ‘सरांशी बोलणं झालंय’ याला अर्थ नाही. मुलीच्या लॉगिनमध्ये रद्द करण्याची सोय दिसत असेल तर तिथून करा, प्रिंट काढा, सही करून कॉलेजात द्या. लॉगिनमध्ये नसेल तरी लेखी अर्ज द्याच. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) दोघांचेही तसे नियम आहेत. ती त्याच अर्जात मागा. दिली नाहीत तर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करा. ग्राहक आयोगाचं विचारलंत, तर शिक्षण ही ‘सेवा’ आहे का यावरच निकाल उलटसुलट आहेत, त्या भरवशावर बसू नका. हायकोर्टात जाता येतं, पण नोटीस निघून कॉलेजचं उत्तर येईपर्यंत पहिलं सत्र संपलेलं असतं, हे मी औरंगाबाद खंडपीठात इतक्यांदा पाहिलंय की आता अशिलाला आधी कॅलेंडर दाखवतो.

रद्द करायचंच का, हे मात्र तुम्ही ठरवा. कॅपच्या उरलेल्या फेरीत शिरता आलं तर उत्तम, त्यासाठी कॅप चालवणाऱ्या सीईटी सेलच्या सूचना आजच वाचा. नाहीतर एक वर्ष जाईल. एका वर्षाच्या बदल्यात चार वर्षांची फी वाचते, पण मुलीला वर्ष घालवायचं नसेल तर तिचंही ऐका. कर्ज काढून इथेच राहायचं ठरलं, तर बँक मॅनेजर पहिला प्रश्न हाच विचारेल, कॅप की मॅनेजमेंट?

राहिले ४० हजार. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर उकळलेले पैसे, घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तुमचे पैसे कॉलेजपर्यंत पोचले हे कशावरून दाखवणार? पावती नाही, साक्षीदार तुमचे मेहुणे. त्या गृहस्थाचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर पुसू नका. ‘फी माफच आहे’ हे त्याने लिहून पाठवलं असेल तर फसवणुकीची तक्रार उभी राहू शकते. पण ते काम नऊ दिवसांनंतरचं.