उत्तर: खंडोबाच्या जागरणातल्या कथेवरचा लेख मासिकाकडे अडकलाय, काय करू?

तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण मासिक कुठलं ते सोडलं तर सगळी हकीकत माझीच आहे. गावच्या वाघ्याकडून जागरणात ऐकलेली बाणाईची, म्हणजे खंडोबाच्या दुसऱ्या, धनगर बायकोची कथा तुम्ही लिहून काढलीत आणि देवदैवतं, अध्यात्म असल्या विषयांच्या एका मासिकाला दिवाळी अंकासाठी पाठवलीत. कार्यालयातून एकदा फोन आला, "पोथीचा आधार जोडा", आणि मग सगळं सामसूम. आता तुमचे दोन प्रश्न आहेत: आधार कुठून आणू, आणि तोच लेख दुसरीकडे पाठवला तर चालेल का.

टंकन, शब्दमर्यादा, सोबतच्या पत्राचा मायना वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच.

आधी आधाराचं बघू. खंडोबाच्या बाबतीत पोथी म्हटली की मल्लारिमाहात्म्य. संस्कृत ग्रंथ आहे, आपण ब्रह्मांडपुराणाच्या क्षेत्रखंडातले आहोत असं स्वतःच सांगतो. त्याचा सगळा भर मणी-मल्ल दैत्यांवर, ऋषींच्या छळावर, मार्तंडभैरवाच्या अवतारावर आणि युद्धावर. तुमची कथा मुळात त्या वाटेनं जातच नाही. सारीपाटात म्हाळसेशी हरून देव बारा वर्षं बाणाईच्या वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, मेंढरं राखायला राहिला, मेंढरं मारली आणि लग्नाचं कबूल करून घेऊन परत उठवली, मग गडावर दोन सवतींची भांडणं... हा सगळा संसार वाघ्या-मुरळीच्या गाण्यातला आणि धनगरांच्या ओव्यांतला. त्याला पोथीची सही मागायची म्हणजे जात्यावरच्या ओवीला सातबारा मागण्यासारखं आहे.

आणि हे काही मी माझ्या मनानं सांगत नाही. लोकदैवतांचे संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी खंडोबावर लिहिताना लोककथा आणि विधी यांना पोथीइतकंच पुराव्याचं स्थान दिलंय. जर्मनीहून येऊन पुण्यात राहून काम केलेले गुंथर सोन्थायमर (1992 साली गेले) धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या ध्वनिमुद्रित करत आणि त्यांच्याही आधारे देवाचा इतिहास मांडत. तेव्हा "आधार नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. फक्त ऐकीव आधारही नीट लिहावा लागतो, आणि तिथं बहुतेक लेख लंगडे पडतात. "गावातले जुने लोक सांगतात" हा आधार नव्हे. मी लेखाखाली असं दिलं होतं: सांगणाऱ्या वाघ्यांचं नाव, वय साठीपुढचं, घराण्यात पिढीजात वाघेपण, प्रसंग माझ्या दिराच्या लग्नानंतरचं जागरण, पाच उसांचा चौक, मध्ये घट, साथीला दिमडी, तुणतुणं आणि घोळ, कथा मध्यरात्रीनंतर, लंगर (लोखंडी साखळी) तोडायच्या आधी सांगितली, मोबाइलवर ध्वनिमुद्रण, त्यांच्या परवानगीनं. एवढं असलं की जाणता संपादक पुढे काही विचारत नाही. जो विचारतो त्याला आधार नको असतो, त्याला वेगळीच कथा हवी असते.

माझ्या घोड्यानं नेमकी इथंच पेंड खाल्ली.

त्या कार्यालयाचं नाव घेणार नाही, अजून त्याच शहरात राहायचंय. मी मार्चमध्ये लेख दिला. पोच नाही. फोन केला की एक बाई उचलायच्या, "साहेब अंकाच्या गडबडीत आहेत, तुमचं आहे आमच्याकडे." आहे म्हणजे छापणार की फायलीत आहे, हे विचारलं की "ते साहेबच सांगतील." साहेब कधी फोनवर आले नाहीत. नाही म्हणाले असते तर मी दुसरीकडे दिला असता. हो म्हणाले असते तर निवांत बसले असते. ऑगस्ट गेला, गणपती गेले, आणि वसुबारसेच्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला, अगं तुझा लेख आलाय.

स्टॉलवरून अंक विकत घेतला, कारण लेखकाची प्रत काही आलीच नव्हती. शीर्षक माझं, नाव माझं. आत कथा मात्र तिसरीच. आमच्या वाघ्यांनी सांगितलेल्या कथेत मेंढरांमागं फिरताना देवाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडतो, आणि बाणाई त्याचा पाय मांडीवर घेऊन सुईनं तो काढते. तो काढेपर्यंत देव कोण आहे हे तिला कळत नाही. काटा निघाला की रक्ताच्या जागी भंडारा झरतो आणि ती ओळखते. माझा अख्खा लेख त्या काट्याभोवती होता. छापलेल्या लेखात काटा नाही, सुई नाही. त्या जागी दीड पान असं की बाणाई ही गंगेचा अवतार, म्हाळसा पार्वतीचा, आणि मेंढरं म्हणजे जीवात्मे. बाणाई म्हणजे गंगा ही समजूत आहेच, खोटी नाही, त्यावर कुणी स्वतंत्र लेख लिहावा, मी आवडीनं वाचेन. पण माझ्या नावाखाली का? आणि सगळ्यात खुपलं ते हे की तळटीप उडवून "अशी आख्यायिका सांगितली जाते" एवढंच ठेवलं होतं. सांगणाऱ्याचं नाव गेलं. त्यांच्या मुलानं अंक मागवून घेतला होता, घरात सगळ्यांना वाचून दाखवायला. त्यानं मला एकच विचारलं, "ताई, आमचा म्हातारा यात कुठंय?"

खुलाशासाठी पत्र पाठवलं. "पुढच्या अंकात बघू." पुढचा अंक आला, त्याच्या पुढचा आला. मानधनाचं विचारलं तर उत्तर मिळालं की अध्यात्माच्या कामात मानधन नसतं. जाहिरातीचे दर मात्र त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापलेले होते. असो. हे लिहिताना अजून डोकं तापतं, क्षमस्व.

तर तुमच्याकडे वळते. पहिल्याच पत्रात दोन वाक्यं घाला. तुम्ही लेख आधीच पाठवलाय, म्हणून आता वेगळ्या मेलनं घाला. मी हल्ली शब्दशः असं लिहिते: "कथेतील घटनाक्रम व सांगणाऱ्याचे नाव यांत बदल करावयाचा असल्यास आधी कळवावे. 31 ऑगस्टपर्यंत लेखी स्वीकृती न आल्यास लेख अन्यत्र देण्यास मला मोकळीक राहील." उर्मट वाटेल असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. ज्या संपादकांकडे शिस्त आहे त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. एका संपादकांनी तर त्याच दिवशी "नको" कळवलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही, तेव्हा हे ऐकून कुणाला नोटीस पाठवू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख पाठवला म्हणून हक्क मासिकाचे होत नाहीत. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कलम 57 लेखकाला आपलं नाव आणि लेखनाचं मूळ रूप यांबद्दल हक्क देतं. मानाला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागता येते. कागदावर छान आहे. पण एका लेखासाठी कोर्टात कोण जातं? म्हणून मेलमधली ती दोन वाक्यं मला कलमांपेक्षा जास्त कामाची वाटतात. आणि हेही ध्यानात ठेवा की बाणाईची कथा ना तुमची ना माझी. आपला हक्क फक्त आपण ती जशी लिहिली त्यावर. सांगणाऱ्याचं नाव देणं हे कायद्यानं नव्हे, रीतीनं.

मुदत टळायच्या आत तोच लेख दोन ठिकाणी मात्र देऊ नका. यावर इथल्या काहींचं मत वेगळं आहे, मला माहीत आहे. पण मराठीत हे जग फार लहान, कधीकधी दोन अंकांची अक्षरजुळणी एकाच डीटीपीवाल्याकडे असते, आणि त्याला सगळं कळतं.

डीटीपीवरून आठवलं. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिणार, मासिकवाले ते श्रीलिपी या छपाईच्या फाँटात ओतणार, आणि वाटेत अक्षरं फुटणार. जेजुरीच्या "पायऱ्या" माझ्या लेखात "पायर्या" झाल्या होत्या. सोबत पीडीएफ जोडा आणि अशा शब्दांची यादी वेगळी द्या. मुद्रितं (प्रूफं) तपासायला मागा. मिळत नाहीत, तरी मागा.

मासिक निवडताना शक्य तर त्याचे दोन-तीन जुने अंक चाळा. गोरखपूरचं हिंदी मासिक कल्याण 1926 पासून निघतंय, त्याचा वर्षारंभीचा अंक एका विषयाला वाहिलेला असतो आणि सूर भक्तीचा. न्यूयॉर्कमध्ये 1976 साली सुरू झालेलं इंग्रजी नियतकालिक पॅराबोला पुराणकथा आणि धर्मपरंपरा यांवरचंच, तेही प्रत्येक अंक एका विषयाभोवती बांधणारं. मराठीतही भक्तीचं मासिक, संशोधनाचं त्रैमासिक आणि ललित दिवाळी अंक या तीन वेगळ्या जागा आहेत. काट्याची कथा पहिल्या ठिकाणी रूपक होते, दुसऱ्या ठिकाणी पाठभेद होते. तुमची पोस्ट वाचून वाटतं तुम्हाला ती कथाच राहायला हवी आहे, म्हणजे तिसरी जागा. चूकभूल द्यावी घ्यावी, मी तुमचा लेख वाचलेला नाही.

फोटोंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुरळीचा चेहरा किंवा नाव तिला विचारल्याशिवाय छापायला देऊ नका. मुली देवाला सोडण्याच्या प्रथेवर कायद्यानं बंदी आहे, आणि त्या बाईला गावात राहायचं असतं. भंडाऱ्यानं पिवळी झालेली दिमडी, कोटंबा (वाघ्याचं भिक्षापात्र), दिवटी यांचे फोटो द्या, ते पुरतात.

दिवाळी हुकली म्हणून लेख वाया जात नाही. चंपाषष्ठी मार्गशीर्षात, म्हणजे दिवाळीनंतर साधारण पाच आठवड्यांनी येते, आणि त्या सुमारास दैनिकांच्या पुरवण्यांना खंडोबा हवाच असतो. हजार शब्दांच्या आत बसवा, आणि निदान तीन आठवडे आधी पाठवा. तेही चुकलं तर सातारा जिल्ह्यातल्या पालीची खंडोबाची यात्रा पौषात आहे.